मूल ऑटिस्टिक आहे हे नुकतंच कळलंय? मग घरात सुरुवात इथून करा

तुमचं मूल दोन ते सहाच्या मधलं आहे, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय किंवा तसा संशय बोलून दाखवलाय, आणि उद्या सकाळपासून नेमकं करायचं काय हे कोणी धड सांगत नाहीये, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. आम्ही ठाण्याला राहतो, माझा मोठा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तिसरीत जातो, त्याच्या पाठीवर एक मुलगी, घरात सासूबाई-सासरे, असं आमचं भरलेलं घर. मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही, पण ह्या वाटेवर पुढे गेलेली आई आहे.

मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे मधे वाचायचं सोडलंत तरी चालेल. थेरपिस्टकडे मूल आठवड्यातले दोन-चार तास असतं, बाकी सगळा वेळ ते तुमच्याकडे असतं. त्यामुळे खरं शिकणं होतं ते आंघोळीत, जेवताना, चपला घालताना, लिफ्टची वाट बघताना. आणि ह्यात एका वेळी एकच गोष्ट धरायची. एकच. ती जमली की दुसरी. घराचं क्लिनिक करायला गेलं की आठ-पंधरा दिवसांत आई थकते, मूल चिडतं आणि सगळंच बंद पडतं, हे मी ओळखीच्या कितीतरी घरांत बघितलंय.

१. आधी कान तपासा, मग निदान पक्कं करा

हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, अशी मुलं घेऊन गेलात की आधी ऐकू नीट येतंय का ते बघायलाच हवं. बेरा आणि ओएई अशा दोन टेस्ट असतात, दुखत नाही, बेरासाठी मूल झोपलेलं लागतं. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे तिथे हे काम होतं, बाकी मोठ्या हॉस्पिटलांत पण होतं. टीव्हीचा आवाज ऐकून पळत येतो म्हणजे ऐकू येतं असं घरी ठरवून टाकू नका, कारण काही मुलांना ठराविक पट्टीतलेच आवाज ऐकू येतात.

मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे खास डॉक्टर. ते जवळ नसतील तर मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट. आणि हे लहान गावांतल्या लोकांनी नीट वाचा, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला त्यातलं. अंगणवाडीत आणि शाळेत जी तपासणीची टीम येते ती त्याच कार्यक्रमाची, अंगणवाडीताईंना सांगितलं तर त्या नाव पुढे पाठवतात. सरकारी आहे म्हणून सोडून देऊ नका.

नेटवर एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी मिळते. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, आणि पुढे तपासणी करायला हवी का एवढंच तिच्यातनं कळतं, निदान होत नाही. आपल्याकडे निदानासाठी आणि सर्टिफिकेटसाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्दे असतात, ७० किंवा त्याच्या वर गुण आले तर ऑटिझम धरतात. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम ठरत नाही. डॉक्टर एमआरआय, ईईजी सांगतात ते फिट्स वगैरे दुसरं काही आहे का ते बघायला, मग कशासाठी सांगताय हे त्यांना सरळ विचारा.

ह्या काळात घरचे म्हणणार की मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबा पण चार वर्षांनी बोलले. असेलही. पण बोट दाखवून काही मागत नाही, तुम्ही दाखवलेल्या बोटाकडे बघत नाही, नावाला ओ देत नाही, येणारे शब्द बंद झालेत, ह्यातलं काही असेल तर थांबायचं नाही. निदानाच्या अपॉइंटमेंटला महिनोन्‌महिने लागतात म्हणून स्पीच थेरपी (बोलणं शिकवणारी) किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली शिकवणारी) अडवून ठेवायचं पण कारण नाही, त्याला रिपोर्ट लागत नाही.

आणि एक ओझं आत्ताच उतरवून ठेवा. लस दिली म्हणून झालं असं ज्या पेपरमुळे जगभर पसरलं तो १९९८ चा पेपर होता, २०१० मध्ये त्या मासिकाने तो मागे घेतला, नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत लशीचा संबंध सापडला नाही. आई नोकरी करते म्हणून, मोबाइल दिला म्हणून, गरोदरपणात रडली म्हणून, ह्यातलं काहीही ऑटिझमचं कारण नाही. स्क्रीन कमी करायचीच, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणते, पण ते बोलायला-खेळायला वेळ मिळावा म्हणून, अपराधी वाटून घ्यायला नाही.

२. घरातल्या प्रत्येकाला एकेक काम द्या

घरच्यांना सगळं समजावत बसण्यापेक्षा काम दिलं की ती माणसं लवकर जवळ येतात असा माझा अनुभव आहे. सासूबाईंना ऑटिझम म्हणजे काय ह्यावर व्हिडिओ दाखवून काही होईना, पण "आई, तुम्ही रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बडबडगीत म्हणा आणि ओळीतला शेवटचा शब्द म्हणायचा नाही, थांबायचं, त्याच्याकडे बघायचं" एवढं सांगितलं ते त्यांनी इतक्या मनापासून केलं की आमच्या घरातले पहिले अर्धेमुर्धे शब्द तिथनंच आले. आजोबांना रोज त्याच वाटेने चक्कर मारून आणायचं काम. बाबांना आंघोळ. मावशी-काकूंना फोनवर सांगायचं की आला की त्याला बळंच पापा द्यायला लावू नका, पाया पड म्हणून मान दाबू नका, तो आपणहून येईल तेव्हा येऊ दे.

ऑटिझमला तीव्र, मध्यम, सौम्य असं म्हणून लोक लगेच तुलना करतात. तुम्ही त्यात पडू नका. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे ती इंग्लिश-मराठी दोन्ही वाचते आणि तिला अजून चपला डाव्या-उजव्या कळत नाहीत.

३. घरात मराठीच बोला

हे मी ठळक सांगणार कारण ह्यात खूप आईबाबांना चुकीचं सांगितलं जातं. थेरपी इंग्लिशमधे आहे, शाळा इंग्लिश मीडियम असणार, तेव्हा मूल गोंधळू नये म्हणून घरात फक्त इंग्लिश बोला, असा सल्ला अजून देतात. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट होतं काय, ज्या भाषेत आईला लाड करता येत नाहीत, रागावता येत नाही, आजीला तर एक वाक्य बोलता येत नाही, त्या भाषेत घर बोलायला लागलं की घरातलं बोलणंच कमी होतं, आणि आजी-आजोबा तर गप्पच होतात. मुलाला भरपूर आणि खरं बोलणं हवंय. ते आपल्याला आपल्या भाषेत येतं. घरी मालवणी, अहिराणी, कोकणी बोलत असाल तर तीच बोला. पुण्या-मुंबईचं सोडा, जर्सी किंवा दुबईत राहणाऱ्या आयांना पण मी हेच सांगते. थेरपिस्टना सांगायचं की पाणी, दे, नको, अजून, ये, संपलं हे शब्द आमच्याकडे मराठीत आहेत, तुम्ही पण तेच वापरा, चांगले थेरपिस्ट लगेच ऐकतात.

आता बोलायचं कसं. छोटं आणि जे चाललंय त्याबद्दलच. "पाणी. गार पाणी. पाणी हवं?" आणि मग थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड आहे, मनात सावकाश दहा म्हणा, तोवर काही बोलू नका, पुन्हा प्रश्न विचारू नका. मुलाने नुसतं बघितलं, हात पुढे केला, आवाज काढला, की ते उत्तर समजून लगेच पाणी द्यायचं. "बोल पाणी, बोल, बोललास तरच देईन" हे करू नका, तहान लागलेल्या मुलाची परीक्षा घ्यायची नसते, आणि मागितलं की मिळतं हे एकदा कळलं की मागणं आपोआप वाढतं.

तुम्ही विचारलं "भूक लागली?" आणि ते पण "भूक लागली?" असंच म्हणालं, किंवा टीव्हीवरची जाहिरात दिवसभर म्हणतंय, तर ते निरर्थक नाहीये, बरीच मुलं अशी अख्खी वाक्यं उचलूनच बोलायला लागतात. कुठलं वाक्य कधी म्हणतं ते बघत चला. आमच्याकडे एक ओळ म्हणजे "बाहेर जाऊया" होती, कारण ती आम्ही एकदा रिक्षात ऐकली होती.

बोलणं नसेल तर चित्रं आणा. रोजच्या वस्तूंचे फोटो काढून, प्रिंट करून, लॅमिनेट करून फ्रिजवर आणि बाथरूमच्या दारावर लावायचे, मुलाने फोटो काढून हातात दिला की ती वस्तू द्यायची. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, त्यात चित्रांवर बोट ठेवलं की आवाज येतो, मराठीत पण आहे, फुकट आहे. चेन्नईत तयार झालेलं "आवाज" नावाचं तसंच ॲप पण बरीच घरं वापरतात. चित्रं दिली तर बोलायचं राहून जाईल ही भीती सगळ्यांना वाटते, पण तसं होत नाही, चित्रांनी बोलणाऱ्या मुलांचं तोंडी बोलणं त्यामुळे थांबत नाही, काहींचं तर वाढतं, आणि रडारड कमी होते ती लगेचच.

४. दिवस मुलाला दिसू द्या

ह्या मुलांचा अर्धा त्रास पुढे काय होणार हे माहीत नसण्याचा असतो. एक लांबट पुठ्ठा घ्या, वेल्क्रो लावा, आणि उठणं, दात, दूध, आंघोळ, खेळ, जेवण, झोप असे फोटो ओळीने चिकटवा. झालं की तो फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा, ते मुलालाच करू द्या. सुरुवातीला दोनच फोटो, "आधी आंघोळ, मग गच्ची".

खेळ थांबवायच्या आधी सांगायचं, पाच मिनिटं राहिली, मग दोन, मग "संपलं, बाय बाय झोपाळा". पाच मिनिटं म्हणजे काय हे त्याला कळत नसलं तरी शब्दांचा क्रम कळतो. बदल होणार असेल, म्हणजे रिक्षाऐवजी बस, आईऐवजी मावशी, तर फोटो दाखवून आदल्या दिवशी सांगा आणि निघताना परत सांगा.

५. जेवण, म्हणजे सगळ्यात जास्त रडवणारं प्रकरण

फक्त पांढरा भात. फक्त एकाच कंपनीची बिस्किटं. वरण भाताला लागलं की ताट ढकलणार. ही जिद्द नाही, वास, पोत, रंग त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. पहिलं म्हणजे धरून भरवणं बंद. नाक दाबून, टीव्ही लावून नकळत कोंबणं बंद. मग अगदी हळू: जो पदार्थ खातो तो ताटात असूच दे, आणि एका कोपऱ्यात नवीन पदार्थ, चिमूटभर, त्याला हात लावायचा नाही, खा म्हणायचं नाही. काही दिवसांनी बोट लावेल, मग वास घेईल, मग जिभेला लावून थुंकेल. थुंकणं ही पण पायरीच आहे, ओरडू नका.

खातो त्याच्या जवळपासचं शोधायचं. कुरकुरीत आवडतं का? मग पापड, मग भाजलेला पोह्याचा पापड, मग पातळ कुरकुरीत डोसा, मग थालीपिठाचा कडेचा तुकडा. मऊ आणि पांढरं आवडतं? मग भात, दहीभात, इडली, साधा ढोकळा. आमच्या सासूबाईंनी इडलीत आधी किंचित गाजराचा रस घालून रंग बदलला, मग हळूहळू वाढवत नेला, पण त्याला दाखवून, लपवून नाही, कारण लपवलेलं एकदा पकडलं की आवडता पदार्थ पण बंद होतो.

मुलाचं वजन घटतंय, एकूण मोजून पाच-सहाच पदार्थ उरलेत, शौचाला खडा होतोय, तर डॉक्टरांना दाखवा, लोह आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. बद्धकोष्ठता तर हमखास बघून घ्यायची, बोलता न येणारं मूल पोट दुखतंय हे डोकं आपटून सांगतं आणि सगळे त्याला वागणुकीचा प्रॉब्लेम म्हणतात. गहू आणि दूध बंद करा म्हणजे ऑटिझम कमी होतो ह्याला भक्कम पुरावा नाही. आधीच चार गोष्टी खाणाऱ्या मुलाची पोळी आणि दही काढून घेण्याआधी डॉक्टर आणि डाएटिशियनला विचाराच.

६. शी-शू

वयावर जाऊ नका. दीड-दोन तास लंगोट कोरडा राहतो, ओलं झाल्यावर अस्वस्थ होतो किंवा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, इतपत दिसलं की सुरुवात करायची. सुट्ट्यांमधे, घरात पाहुणे नसताना, आणि त्या काळात दुसरं काहीही नवीन शिकवायचं नाही.

आधी तीन-चार दिवस नुसतं लिहून काढा, कधी होते ते. मग त्या वेळेच्या थोडं आधी नेऊन बसवायचं, दोन-तीन मिनिटं, झाली तर लगेच त्याचं आवडतं काहीतरी, नाही झाली तर काही न बोलता उठवायचं. कमोड असेल तर लहान सीट आणि पायाखाली पाट ठेवाच, पाय लोंबकळत असले की भीती वाटते आणि शी उतरत नाही. भारतीय संडास असेल तर समोर धरायला दांडा किंवा बादली उलटी. फ्लशच्या आवाजाला खूप मुलं घाबरतात, ते बाहेर गेल्यावर फ्लश करा. भिंतीवर पाच फोटो: चड्डी खाली, बस, धू, चड्डी वर, हात धू. धुवायचा पाण्याचा मग नेहमी एकच ठेवा, कारण बाहेर प्रवासात तोच मग बरोबर नेला की निम्मं काम होतं. रात्रीचं पुष्कळ नंतर येतं, त्याची आत्ता काळजी करू नका.

एकदा जमलेलं आजारपणात किंवा घर बदललं की परत जातं. परत पहिल्यापासून, पण दुसऱ्या वेळेला लवकर येतं.

७. झोप, केस, नखं, दात

झोपेला रोज तोच क्रम, अंधार, त्याआधी तासभर स्क्रीन नाही. मेलाटोनिन मेडिकलमधे सहज मिळतं म्हणून आपल्या मनाने द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरच. घोरत असेल, झोपेत दचकत असेल तर तेही सांगा.

केस कापायला सलूनमधे गर्दी, मशीनचा आवाज, मानेवर टोचणारे केस, सगळं एकदम येतं. ओळखीच्या न्हाव्याला मंगळवारी दुपारी किंवा दुकान रिकामं असेल तेव्हा विचारा, आधी बाबांचे कापताना नुसतं बघायला न्या, पुढच्या वेळी नुसतं खुर्चीत बसून परत. मशीन नको, कात्री. जुना मऊ शर्ट घालून, लगेच घरी आंघोळ. जावळाचा मुहूर्त काढून चार माणसं धरून कापण्यापेक्षा झोपेत आईने थोडे थोडे कापले तर काहीही बिघडत नाही, सासरच्यांशी ह्यावर वाद झाला तरी चालेल, मुलाला धरून ठेवायचं नाही. नखं आंघोळीनंतर मऊ असताना, रोज एकच बोट. टूथपेस्ट तिखट लागत असेल तर बिनचवीची घ्या.

८. गणपती, दिवाळी, लग्नं

ढोल-ताशा, फटाके, लग्नातला बँड, आणि वर प्रत्येक जण गाल ओढणार. कानावर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन आधी घरी, खेळताना घालायची सवय लावा, मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर भिरकावून देणार. कार्यक्रमाला लवकर जायचं, गर्दी व्हायच्या आत भेटून घ्यायचं, यजमानांना सांगून एक खोली किंवा गच्ची हेरून ठेवायची, आणि नवरा-बायकोनं आधी ठरवायचं की त्रास झाला तर घेऊन बाहेर कोण जाणार आणि मागे कोण थांबणार. विसर्जनाच्या रात्री आम्ही घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असल्यामुळे दीराकडे जातो. सण बुडत नाही, सकाळची आरती घरी होते आणि तिथे टाळ तोच वाजवतो.

भर बाजारात मूल जमिनीवर पडून किंचाळायला लागलं तर ते बऱ्याचदा हट्ट नसतो, त्याच्या डोक्यात सगळं एकदम भरलेलं असतं. समजावू नका, ओरडू नका, बोलणंच कमी करा. आवाज-उजेडापासून लांब न्या, लागू नये एवढं बघा, थांबा. बघणाऱ्यांना एकच वाक्य तयार ठेवा, "त्याला ऑटिझम आहे, जरा जागा द्या." बहुतेक लोक खरंच देतात.

९. हात सुटला तर

हे घाबरवायला नाही, पण लिहायलाच हवं. ऑटिस्टिक मुलं न सांगता निघून जाण्याचं प्रमाण बरंच असतं आणि पाण्याची ओढ खूप मुलांना असते. दाराला वरची कडी, खिडक्यांना ग्रिल, गच्चीला कुलूप. विहीर, शेततळं, सोसायटीची टाकी, बादल्या, सगळ्याला झाकण. वॉचमनकाका, शेजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार ह्यांना मुलाचा फोटो दाखवून सांगून ठेवा, हा एकटा दिसला तर थांबवा आणि फोन करा. हातात किंवा कपड्याच्या आत फोन नंबर. सापडत नसेल तर सगळ्यात आधी पाणी बघा, मग बाकी सगळं, आणि पोलिसांना ११२ वर लगेच. पोहायला लवकर शिकवा.

१०. थेरपी निवडताना

स्पीच, ओटी, स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक), सगळं एकदम सुरू करायलाच हवं असं नाही, मुलाला आत्ता सगळ्यात जास्त कशाने अडतंय ते बघून घ्या. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, नोंदणी विचारा, विचारण्यात काही वावगं नाही. आईबाबांना आत बसू देत नाहीत आणि घरी काय करायचं ते सांगत नाहीत तिथे मी राहणार नाही. मूल रडून रडून थकेपर्यंत टेबलाला बसवतात तिथे तर अजिबात नाही.

बरं करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. स्टेम सेलसाठी लोक दागिने मोडतात म्हणून मुद्दाम सांगते, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करत नाही असं स्पष्ट म्हटलंय. शरीरातनं धातू काढायची औषधं तर जिवावर बेतू शकतात.

चांगल्या जागा आहेत. मुंबईत २००१ पासून उम्मीद हे मुलांच्या विकासाचं केंद्र आहे, पालकांनीच उभं केलेलं फोरम फॉर ऑटिझम आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, नवी मुंबईत खारघरला केंद्र सरकारच्या एनआयईपीआयडीचं (बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था) प्रादेशिक केंद्र. आणि दुसऱ्या पालकांना भेटा, कुठला दंतवैद्य धीराने बघतो, कुठली बाग संध्याकाळी रिकामी असते, हे तेच सांगतात.

११. एक वही करा

मोठ्या मोठ्या टप्प्यांच्या तक्त्याकडे रोज बघत बसलात तर रोज मूल मागेच दिसणार. एक साधी वही घ्या आणि त्याच्याच कालच्याशी आज ताडून बघा. हात धरून ओढत फ्रिजपर्यंत नेलं, लिहा. विमान दाखवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं, हे तर मोठ्या अक्षरात लिहा, कारण ते वळून बघणं म्हणजे "तू पण बघितलंस ना", तिथनं गप्पा सुरू होतात. मान हलवून नको म्हणालं. बहिणीच्या हातातनं खेळणं हिसकावलं, हो, हे पण लिहा, आधी ती तिथे आहे हेच त्याच्या गावी नव्हतं. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्यायची, पाच मिनिटांच्या अपॉइंटमेंटमधे तिचा फार उपयोग होतो.

दुसरं मूल असेल तर त्याच्यासाठी दिवसातला थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा. आमची मुलगी म्हणते तसं, "दादाशिवायची आई".

१२. कागद

कंटाळवाणं आहे पण पहिल्या वर्षातच करून टाका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यातला एक. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि सर्टिफिकेट व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. लहान मुलाचं सर्टिफिकेट बऱ्याचदा ठराविक मुदतीचं असतं, ती तारीख मोबाइलमधे लावून ठेवा. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व ४० टक्के आणि त्यावर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यास ह्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा खर्च पण त्यात काही प्रमाणात येतो. आयकरात ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे, ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर सव्वा लाख, पण जुनी करपद्धत घेतली तरच, सीएला आठवण करा. सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमधे स्कॅन.

१३. शाळा

अंगणवाडी किंवा छोटी बालवाडी, जिथे मुलं कमी आणि बाई शांत, ही माझ्या मते पहिली शाळा म्हणून मोठ्या नावाच्या शाळेपेक्षा बरी. मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधे महाराष्ट्रात दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात, उत्पन्नाची अट लागत नाही. ऑनलाइन अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, डिसेंबरपासूनच लक्ष ठेवा. हक्क माहीत असावा पण पहिल्या भेटीत कायदा टेबलावर आपटू नये, बाईंना आपल्या बाजूला घ्यायचंय.

शाळा सुरू व्हायच्या आधी सुट्टीत मुलाला रिकामी शाळा दाखवून आणा, वर्ग, बाक, संडास, पाण्याचे नळ, सगळ्याचे फोटो काढून घरी रोज बघा. पहिला आठवडा अर्धा तास, मग एक तास.

आणि बाईंसाठी एकच पान मराठीत लिहून द्या, मोठा रिपोर्ट कोणी वाचत नाही. त्यात एवढंच:

त्याला काय आवडतं (पंखे, आगगाड्या, पाण्याचा पाइप).
त्याला कशाने त्रास होतो (घंटा, अचानक मागनं धरणं, खडूचा आवाज).
शू लागली की तो कसं सांगतो.
तो हात फडफडवतो, उड्या मारतो, तेव्हा थांबवू नका, त्याला त्यानं बरं वाटतं.
चिडला तर कुठे बसवायचं आणि काय हातात द्यायचं.
एका वेळी एकच सूचना, नाव घेऊन, समोर येऊन.
डब्यात काय असतं, आणि नाही खाल्लं तरी चालेल.
कुणाला फोन करायचा, आईचा लागला नाही तर कुणाचा.

दर दोन-तीन महिन्यांनी हे पान नवीन लिहायचं, कारण मूल बदलतं. जुनी पानं त्या वहीत लावून ठेवा, पुढच्या वर्षीच्या बाईंना ती पण दाखवता येतात.